‘केस झाली’ म्हणजे पुढे काय होतं?

सातव्या ब्लॉकमधून शिपाई धावत आला आणि दारातूनच म्हणाला, “मॅडम, केस झालीय.” अर्थशास्त्राचा पेपर साडेदहाला सुरू झाला होता आणि घड्याळात जेमतेम पावणेअकरा. पोराला पंधरा मिनिटंही दम निघाला नव्हता. मी सीनियर सुपरवायझर, त्यामुळे चहा तसाच टेबलावर ठेवून निघाले. ब्लॉकमध्ये ज्युनिअर सुपरवायझर त्या मुलाच्या डोक्यावर उभे, मुलाची मान खाली, आणि बाकीच्या सगळ्यांचे पेन थांबलेले. बाकावर रुमाल. रुमालात मायक्रो झेरॉक्स, पंख्यासारख्या घड्या घातलेली, काडेपेटीत मावेल एवढी. वरच्याच घडीवर मुंगीएवढ्या अक्षरात ‘मागणीची लवचिकता’.

“हाकलतो याला, मॅडम.” सुपरवायझर नवीन होते, तापलेही होते. त्यांनी उत्तरपत्रिका उचलून वर लाल पेनाने काहीतरी लिहायला घेतलं होतं. मी आधी तो पेन काढून घेतला.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते, पंचवीस वर्षं होत आली. परीक्षा विभाग, रॅगिंगविरोधी समिती, शिस्तपालन समिती, सगळीकडे कधी ना कधी खुर्ची मिळाली, म्हणजे कुणाला नको असलेली कामं वाट्याला आली. पालक आणि विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात: तक्रार दिली किंवा आमच्यावर तक्रार आली, तर आत नेमकं होतं काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, प्राचार्य ठरवतील ते. खरं तर प्राचार्यांच्या हातात लोक समजतात त्यापेक्षा बरंच कमी असतं. आणि पुष्कळ प्रकरणांचा निकाल समितीच्या खोलीत लागायच्या आधीच, पहिल्या तासात कोणी काय आणि कसं लिहून ठेवलं, यावर ठरून गेलेला असतो.

त्या रुमालाकडेच परत येते, कारण सगळं त्यात दिसतं.

पहिलं काम म्हणजे चिठ्ठी मोजणं. किती पानं, एका बाजूला छापलेली की दोन्ही. प्रत्येक पानावर सुपरवायझरची सही आणि मुलाची सही. त्याने नकार दिला तर ‘सही करण्यास नकार दिला’ असं लिहायचं आणि त्याखाली दुसऱ्या सुपरवायझरची सही घ्यायची. मग तोवर लिहिलेली उत्तरपत्रिका ताब्यात घ्यायची, शेवटची ओळ जिथे संपली तिथे रेघ मारून वेळ टाकायची. मग मुलाचा जबाब, त्याच्या स्वतःच्या अक्षरात, आपण मजकूर न सांगता. आणि त्यानंतर त्याला कोरी उत्तरपत्रिका देऊन म्हणायचं, “बस, उरलेला पेपर लिही.”

इथे नवीन सुपरवायझर हमखास दुखावतात. “मी पकडला आणि तुम्ही त्याला पेपर देताय?” हो, देतो. कारण पकडणं हे त्यांचं काम, शिक्षा देणं त्यांचं नाही, माझंही नाही. उद्या चौकशीत मुलगा निर्दोष ठरला तर गेलेले अडीच तास त्याला कोण परत देणार? तोतया बसला असेल किंवा कुणी मारामारीवर आला असेल तर गोष्ट वेगळी, त्याला बाहेरच काढावं लागतं. एरवी त्याच्याकडून ‘होईल तो निर्णय मान्य’ असं हमीपत्र घ्यायचं आणि त्याला लिहू द्यायचं. निकाल मात्र राखून ठेवला जातो.

आमच्या त्या मुलाने जबाबात एकच वाक्य लिहिलं: ‘सदर कागद माझ्याजवळ सापडला पण मी त्यातून काही लिहिले नाही.’ सुपरवायझरच्या अहवालात होतं, ‘विद्यार्थी कॉपी करताना रंगेहाथ सापडला.’ दोन्ही कागद एकाच लखोट्यात गेले. वर सील, सीलवर सह्या, आणि लखोटा परीक्षा विभागाच्या कपाटात.

आता या दोन वाक्यांतला फरक किती महागात पडतो ते बघा. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना ऑर्डिनन्स ५०५० म्हणून ओळखला जाणारा नियम वर्षानुवर्षं लागत आला आहे, आणि त्यात गैरप्रकार आणि शिक्षा यांचा तक्ताच आहे. कॉपीचं साहित्य नुसतं जवळ सापडलं, तर त्या परीक्षेतली सगळी कामगिरी रद्द, म्हणजे एक विषय नव्हे, त्या सत्राचे सगळे पेपर गेले. तळहातावर किंवा कपड्यावर लिहून आणलं तरी तेच. प्रत्यक्ष उतरवून काढलं, तर ती परीक्षा गेलीच, शिवाय पुढच्या आणखी एका परीक्षेला बसायला बंदी. दुसऱ्याच्या नावाने बसणं सगळ्यांत जड, पुढच्या पाच परीक्षा. म्हणजे ‘जवळ होती’ आणि ‘उतरवली’ यांच्यात सहा महिन्यांचं अंतर आहे. मुलगा शेवटच्या वर्षाला असेल तर नोकरीचं बोलावणं त्या सहा महिन्यांत येतं आणि जातं.

चौकशी समितीसमोर लखोटा फोडला तेव्हा आम्ही साधं काम केलं. चिठ्ठी एका हातात, पहिली उत्तरपत्रिका दुसऱ्या हातात. मुलगा राष्ट्रीय उत्पन्नाचा प्रश्न लिहीत होता, दीड पान लिहिलं होतं, तेही चुकीचं. चिठ्ठीत राष्ट्रीय उत्पन्न कुठेच नव्हतं. लवचिकतेचा प्रश्न त्याने सोडवायलाच घेतला नव्हता. ‘रंगेहाथ’ हा शब्द तिथेच गळून पडला. त्या दिवशी लाल पेनाने उत्तरपत्रिकेवर रेघोट्या मारल्या गेल्या असत्या, किंवा ती बदलून न घेता तिच्यावरच पुढे लिहू दिलं असतं, तर हे दाखवता आलं नसतं. ना त्याच्या बाजूने, ना त्याच्या विरुद्ध.

सुनावणीचं दृश्य लोकांना वाटतं तसं कोर्टासारखं नसतं. एक लांब टेबल, समितीची माणसं, मध्ये बिस्किटांची बशी जिला कुणी हात लावत नाही. त्याआधी मुलाला कारणे दाखवा नोटीस गेलेली असते. आरोप काय, कोणत्या नियमाखाली, सुनावणी कधी, आणि कागद कधी येऊन बघता येतील. वकील आणता येत नाही. पालक बरेचदा येतात आणि बाहेरच्या बाकावर बसतात. त्या मुलाचे वडील रिक्षा चालवायचे. खाकी शर्टावरच आले होते. आत येऊन हात जोडून म्हणाले, “मॅडम, एकदा पदरात घ्या त्याला.” मी म्हटलं, “काका, तुम्ही बसा. त्याला बोलू द्या. आज त्याचं म्हणणं ऐकायलाच बोलावलंय.” दयेवर शिक्षा कमी करावी असं मन म्हणतं, पण तक्ता समोर असतो. शेवटी ‘साहित्य जवळ बाळगणे’ एवढंच सिद्ध धरलं. सत्र गेलं, वर्ष वाचलं.

“सापडलाय ना? मग ऐकायचं काय?” हा प्रश्न स्टाफरूममध्ये दर परीक्षेला निघतो. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिलं आहे. उत्तर प्रदेशच्या इंटरमीजिएट बोर्डाने तीन विद्यार्थ्यांचा निकाल रद्द करून त्यांना पुढच्या परीक्षेलाही बंदी घातली होती, त्यांना एका शब्दाने न विचारता. कायद्यात ‘म्हणणं ऐका’ असं कुठे लिहिलेलं नाही, असा बोर्डाचा बचाव होता. न्यायालय म्हणालं, लिहिलेलं नसलं तरी एखाद्याच्या आयुष्यावर असा परिणाम करणारा निर्णय घेताना त्याची बाजू ऐकावीच लागते. आज कुठल्याही कॉलेजात जी नोटीस निघते, तिचं मूळ त्या तीन मुलांच्या प्रकरणात आहे.

ऐकायचं म्हणजे साक्षीदार, उलटतपासणी, सगळा फौजदारी थाट करायचा, असंही नाही. पोलिसांना कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. कॉलेजच्या समितीला ‘घडलं असण्याचीच शक्यता जास्त’ इथवर पोचलं तरी पुरतं, पण त्यासाठी हातात काहीतरी लागतंच. उत्तर प्रदेश बोर्डाच्याच दुसऱ्या एका प्रकरणात लागोपाठच्या बैठक क्रमांकांच्या दोन मुलांनी हिंदीच्या पेपरात त्याच चुका, त्याच क्रमाने केल्या होत्या. कुणी बघितलं नव्हतं, चिठ्ठी नव्हती. तरी तेवढ्यावर काढलेला निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने टिकवला. बरोबर उत्तरं दोघांची सारखी येऊ शकतात. चुकाही जुळल्या तर मात्र प्रश्न उभा राहतो. आणि अख्ख्या केंद्रावरच सामूहिक कॉपी झाली असेल, तर १९७० च्या बिहारच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की केंद्राची परीक्षा रद्द करताना एकेकाला बोलावायची गरज नाही, कारण तिथे कुणा एकावर ठपका ठेवलेला नसतो.

कॉपीची वाट एवढी पायाखालची आहे. बाकीच्या तक्रारी मात्र प्राचार्यांच्या टेबलावर येतात त्या गठ्ठ्याने, आणि सगळ्यांवर एकच शेरा पडतो: ‘शिस्तपालन समितीकडे’. घोळ इथे सुरू होतो. तक्रार कोणत्या प्रकारची, यावर ती कोणत्या समितीकडे जाते हे ठरतं, आणि प्रत्येक समितीचं घड्याळ वेगळं चालतं.

रॅगिंगचं घड्याळ सगळ्यांत वेगात. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलाचा सीनियरांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. माजी सीबीआय संचालक आर. के. राघवन यांच्या समितीचा रॅगिंगवरचा अहवाल २००७ मध्येच येऊन पडला होता. त्या मृत्यूनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम त्याच वर्षी लागू झाले. त्यांत प्राचार्यांना सवड अशी ठेवलेलीच नाही. प्रकरणात फौजदारी गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर. आणि पोलिसांचं काय होतंय त्याची वाट न बघता कॉलेजची स्वतःची चौकशी ७ दिवसांत पुरी. महाराष्ट्रात त्याच्याही दहा वर्षं आधीचा, १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकायचं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. या कायद्यातलं माझं आवडतं कलम मात्र प्राचार्यांबद्दल आहे: लेखी तक्रार आल्यावर त्यांनी सात दिवसांत चौकशी केली नाही, दुर्लक्ष केलं, तर त्यांनीच रॅगिंगला मदत केली असं धरलं जातं. ‘बघू, मिटवून टाकू’ म्हणणाऱ्या एका वरिष्ठांना मी हे कलम एकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्यानंतर फाइल दुपारच्या आत हलली.

रॅगिंग म्हणजे मारहाणच, हाही एक गैरसमज. एकदा हॉस्टेलच्या मुलाच्या मावशीचा फोन आला. पोरगा रोज रात्री दोनपर्यंत जागतोय, कशासाठी विचारलं तर सांगत नाही. वॉर्डनने खोलीत जाऊन बघितलं तर टेबलावर चार जर्नल्स, चारही वेगवेगळ्या नावांची, अक्षर मात्र एकाच हाताचं. सीनियर म्हणाले, “मॅडम, त्याला कुणी बोटही लावलं नाही.” खरं होतं. पण नवीन मुलाकडून आपलं लिखाणकाम करून घेणं हे विनियमांच्या व्याख्येत शब्दशः आहे. पार्टीचा खर्च त्याच्या गळ्यात मारणंही आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, रंग, भाषा, गाव, लैंगिक कल, आर्थिक परिस्थिती यांवरून टोचणं, वाळीत टाकणं हेही त्यात आलं, आणि ज्याला त्रास झाला तो पहिल्या वर्षाचाच असायला हवा असंही नाही. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा वेगळा लागतो, आणि तो कॉलेजच्या हातातला विषयच राहत नाही.

रॅगिंगविरोधी समितीत प्राचार्य, शिक्षक, पालक, नवे-जुने विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी, पोलीस आणि महसूल खात्याचा प्रतिनिधी, स्थानिक पत्रकार, स्वयंसेवी संस्थेचा माणूस, असा मोठा कुटुंबकबिला असतो. कागदावर. प्रत्यक्षात सगळ्यांना एका दुपारी गोळा करणं हे लग्नाची तारीख काढण्याइतकं अवघड. म्हणून ७ दिवस मोजायला लागल्याच्या पहिल्याच दिवशी बैठकीची सूचना काढावी, चौथ्या दिवशी नव्हे. शिक्षा वर्गात बसायला बंदी घालण्यापासून ते हॉस्टेलमधून काढणं, शिष्यवृत्ती थांबवणं, एक ते चार सत्रांसाठी कॉलेजातून काढणं, प्रवेशच रद्द करणं, इथपर्यंत जाते. करणारे ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. मला ती कधीच पटली नाही. संबंध मजल्याला शिक्षा केली की खरं सांगणारा जो एक असतो तोही गप्प होतो.

कॉलेजात जायला धीर होत नसेल तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आणि चोवीस तास. तिथे नोंद झाली की कॉलेजला उत्तर द्यावंच लागतं.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती प्राचार्यांच्या टेबलावर थांबायलाच नको. २०१३ चा कायदा आणि त्यावर बेतलेले अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनी त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती नेमून दिली आहे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या पदांवरची माणसं या समितीत बसू शकत नाहीत, म्हणजे ‘सरांच्या कानावर घालते’ हा रस्ता मुद्दाम बंद केलेला आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांच्याही तक्रारी हे विनियम धरतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. जिला लिहिता येत नसेल, लिहवत नसेल, तिला समितीने लिहायला मदत करायची. तक्रारीची प्रत ७ दिवसांत समोरच्याला, त्याचं उत्तर १० दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, त्यावर कारवाई ३० दिवसांत. मधल्या काळात मुलीला रजा, बॅच बदलणं, त्याला तिच्यापासून लांब राहायची ताकीद, हे मागता येतं. शिक्षेत ग्रंथालय, हॉस्टेल, शिष्यवृत्ती बंद करण्यापासून नाव कमी करण्यापर्यंत सगळं येतं, आणि समुपदेशन किंवा समाजसेवा हीसुद्धा शिक्षा म्हणून सांगता येते. कुणी तक्रार केली, काय झालं, हे बाहेर फोडायला कायद्यानेच मनाई आहे. कॅन्टीनला मात्र हा कायदा कुणी वाचून दाखवलेला नाही. म्हणून नोटिशीचा लखोटा वर्गात शिपायाच्या हाती पाठवू नये एवढं तरी बघावं. मी पाठवताना बघितलं आहे.

“तिला माझ्यासमोर बोलू द्या,” असं आरोप झालेला मुलगा म्हणतो तेव्हा समितीतल्या नव्या सदस्यांना तो हक्काचं मागतोय असं वाटतं. यावर रांचीचं एक प्रकरण नेहमी सांगावं लागतं. जून १९७२ मध्ये राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात रात्री काही विद्यार्थी घुसले आणि त्यांनी अंगावर कपडे न ठेवता धिंगाणा घातला. ३६ मुलींनी प्राचार्यांकडे गुप्त तक्रार दिली, चौघांची नावं घेतली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले, त्यांचे फोटो इतर विद्यार्थ्यांच्या फोटोंत मिसळून ओळखायला सांगितलं, आणि मग मुलांना एकेक बोलावून आरोप समजावून त्यांचं म्हणणं घेतलं. त्यांना दोन वर्षांसाठी काढलं गेलं. आम्हाला उलटतपासणी मिळाली नाही, अशी ओरड घेऊन ती मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७३ मध्ये न्यायालयाने कॉलेजची बाजू उचलून धरली. समोरासमोर उभं केलं असतं तर एकही मुलगी पुढे आली नसती, आणि हॉस्टेलबाहेर त्यांचं रक्षण करायला प्राचार्य येणार नव्हते. आरोप कळला, आपली बाजू मांडता आली, समिती निःपक्ष होती, एवढं त्या परिस्थितीत पुरेसं होतं. ऐकून घेण्याची पद्धत प्रकरणागणिक बदलू शकते, ऐकून घेणं मात्र सुटत नाही.

अकरावी-बारावीचे वर्ग बहुतेक कॉलेजांत त्याच इमारतीत भरतात, पण तिथली मुलं अठराच्या आतली. त्यांच्याबाबत लैंगिक स्वरूपाचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा. ‘आधी समितीत बघू’ हा पर्याय नाही. पालकांनी विनवलं तरी नाही.

उरलं ते शिस्तपालन समितीचं. आवारात बाइकवर कसरती, गॅदरिंगच्या रात्री खुर्च्या तोडणं, बनावट ओळखपत्र, शिक्षकाच्या फोटोची ग्रुपवर टवाळी. इथे कायदा पातळ आणि राग दाट, म्हणून चुकाही इथेच जास्त. सर्वांत नेहमीची चूक निलंबनाची. ‘चौकशी होईपर्यंत येऊ नकोस’ हे तात्पुरतं पाऊल आहे, शिक्षा नव्हे, त्यामुळे त्याला तारीख हवी. तारीख न घालता काढलेलं पत्र मी बघितलं आहे. चौकशी लांबली, मुलाची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली, आणि काहीच सिद्ध न होता तो परीक्षेला मुकला.

तक्रार देणाऱ्याला माझं सांगणं थोडकं. काय झालं ते लिहा, कसं वाटलं ते नंतर. तारीख, वार, वेळ, जागा, कोण कोण होतं. ‘तो नेहमीच असं करतो’ याचा समितीला काही उपयोग नाही, ‘मंगळवारी जिमखान्याच्या जिन्यात’ याचा आहे. मोबाइलवरचे मेसेज असतील तर नुसता स्क्रीनशॉट नको, मूळ मेसेज फोनमध्ये तसाच ठेवा. अर्ज दोन प्रतींत न्या, ऑफिसात आवक क्रमांक पाडून घ्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. हेडक्लार्क म्हणतील, “ठेव, सरांना देतो.” तरी पोच घ्या. वर सांगितलेली बहुतेक घड्याळं त्या आवक क्रमांकापासून टिकटिकायला लागतात.

ज्याच्यावर तक्रार झाली त्यानेही काही गोष्टी मागून घ्याव्यात. आरोप लेखी, कागद बघायला वेळ, आणि निर्णय कारणांसह लेखी. समितीतला एखादा सदस्य तक्रारदाराचा नातेवाईक किंवा घटनेचा साक्षीदार असेल तर त्याला बाजूला करा, असं म्हणता येतं, आणि ते सुनावणीच्या आधी म्हणावं. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं नव्हे. मुद्दाम खोटं रचलं हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. अपिलाची वाट प्रत्येकाची निराळी आहे: संलग्न कॉलेजातल्या रॅगिंगच्या निर्णयावर कुलगुरूंकडे, अंतर्गत तक्रार समितीच्या शिफारशीवर ३० दिवसांत. आणि रॅगिंगमध्ये शिक्षा झालेल्याच्या दाखल्यावर, स्थलांतर प्रमाणपत्रावर तशी नोंद करायची असते, म्हणजे प्रकरण कॉलेजच्या फाटकाबाहेरही सोबत जातं.

कारणांसह लेखी, हे आम्ही एकदा स्वतःच विसरलो. गॅदरिंगच्या मारामारीचं प्रकरण, सुनावणी नीट, जबाब नीट, सीसीटीव्हीचं चित्रण होतं. आदेश मात्र तीन ओळींचा निघाला: ‘समितीने सर्व बाबींचा विचार केला. सदर विद्यार्थी दोषी आढळला. त्यास एक सत्रासाठी काढण्यात येत आहे.’ मुलाने वर दाद मागितली. कागद परत आला, वर शेरा होता, ‘कोणत्या बाबींचा?’ आम्ही पुन्हा बसलो, पुन्हा नोटीस काढली. ती परत आली, पत्ता सोडल्याची पोस्टमनची नोंद घेऊन. मुलगा तोवर शेवटची परीक्षा देऊन पुण्याला नोकरीला लागला होता.